पार्सल कोण नेणार हे नंतर, माल कुठे राहणार हे आधी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अंबाजोगाईत सासऱ्यांच्या वेळेपासूनचं साड्यांचं दुकान. दीड वर्षापासून ऑनलाइन विक्री, रोजच्या पंधरा-वीस ऑर्डरी, लग्नसराईत चाळीसपर्यंत. निम्म्या एका मोठ्या मार्केटप्लेसवरून, निम्म्या व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवरून. मार्केटप्लेसचा माणूस म्हणतो, माल आमच्या भिवंडीच्या गोदामात टाका, विक्री वाढेल. पुण्यातला एक गोदामवाला म्हणतो, सगळं माझ्यावर सोडा, पॅकिंगपासून कुरिअरपर्यंत मी बघतो. घरचे म्हणतात, दुकानातूनच पाठवत राहू, उगाच पैसे कशाला घालायचे. या तिघांत स्वस्त कोण, असं तुम्ही विचारलंय.

मी लातूरचा, धंदा भांड्यांचा. गंजगोलाईतून जे सोळा रस्ते फुटतात त्यांतल्या एकावर दुकान आहे. २०१७ पासून ऑनलाइन विकतोय. मेहुण्याचं कापडाचं दुकान आहे, त्याचा ऑनलाइनचा पसारा मीच मांडून दिला आणि पहिली दोन वर्षं सांभाळला. त्यामुळे पातेलं आणि पातळ, दोन्हींची पार्सलं हाताखालून गेली आहेत. सीए नाही, सल्लागार नाही. जे केलं आणि जिथे आपटलो तेवढंच सांगतो.

‘स्वस्त कोण’ याचं सरळ उत्तर देता येत नाही, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टींचा भाव सांगतायत. मार्केटप्लेसचा माणूस ऑर्डरमागचा दर सांगतो, पण न विकलेल्या मालाचं भाडं बोलत नाही. पुण्याचा गोदामवाला पॅकिंगचा दर सांगतो, पण महिन्याची किमान रक्कम करारात शेवटच्या पानावर ठेवतो. घरच्यांचा भाव शून्य, कारण तुमच्या दुपारच्या तीन तासांचं बिल कोणी फाडत नाही.

म्हणून आधी दुसराच प्रश्न सोडवा. तुमच्या दुकानातला कोणता माल कुठे बसवायचा? अख्ख्या दुकानाला एकच पद्धत लावायची गरज नसते. माल दोन जातीचा असला की पद्धतीही दोन लागतात, आणि साड्यांच्या दुकानात माल हमखास दोन जातीचा असतो.

पहिली जात म्हणजे एकेक नग. या रंगाची, या काठाची साडी दुकानात एकच, फार तर दोन. ती विकली की संपली, पुढच्या खेपेला तशीच मिळेल याची खात्री नाही. दुसरी जात म्हणजे चालता माल: परकर, फॉल, ब्लाउजपीस, ठरावीक दहा रंगांत कायम येणारी साधी काठपदर. संपला की फोन करून परत मागवता येतो. गेल्या तीन महिन्यांचं विक्रीचं रजिस्टर घेऊन बसा आणि प्रत्येक आयटमपुढे खूण करा, हा परत मागवला होता की नाही. मेहुण्याकडे हे केलं तेव्हा चालता माल दहाएक आयटमच निघाला, पण ऑर्डरी मोजल्या तर त्यातून बऱ्याच. तुमचं प्रमाण वेगळं असेल, ते तुम्हालाच काढावं लागेल.

एकेक नगाचा माल भिवंडीला पाठवायचा नाही, पुण्यालाही नाही. कारण सांगतो. ही साडी दुकानातही विकली जाते. काउंटरवर आलेली बाई हात लावून, पदर खांद्यावर टाकून बघते आणि घेऊन जाते. साडी भिवंडीच्या फडताळात पडली तर ते गिऱ्हाईक गेलं. शिवाय गोदामात प्रत्येक वेगळ्या साडीला वेगळा कोड, वेगळं लेबल, वेगळी नोंद. दोनशे साड्या म्हणजे दोनशे कोड आणि प्रत्येकाखाली एक नग. त्यांची सगळी यंत्रणा एका कोडखाली शंभर नग असलेल्या मालासाठी उभी केलेली असते. तुमचा माल तिथे परवडत नाही, ना त्यांना ना तुम्हाला.

पण दुकानातून विकायचं म्हटलं की एक दुखणं येतं, आणि तुम्ही प्रश्नात ते ओझरतं लिहिलंय: ‘कधी कधी साडी दुकानात विकलेली असते आणि तिचीच ऑर्डर येते.’ हे ओझरतं लिहायचं प्रकरण नाही. विक्रेत्याने ऑर्डर रद्द केली की मार्केटप्लेस तुमचा गुण कापतं, तुमची साडी यादीत खाली सरकते, आणि ते तुम्हाला कोणी कळवतही नाही. व्हॉट्सॲपवरचं गिऱ्हाईक निदान बोलून मोकळं होतं.

मेहुण्याकडे आम्ही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी चिमटा लावला. कपडे वाळत घालायचा लाल चिमटा. जी साडी ऑनलाइन टाकली आहे तिच्या घडीला चिमटा, त्यावर चिकटपट्टीवर नंबर. काउंटरवर ती विकली की पोराने चिमटा काढून गल्ल्याशेजारच्या डब्यात टाकायचा. दर तासाला एकजण डबा बघतो आणि तेवढे नंबर ऑनलाइनवरून काढतो. पहिल्या आठवड्यात पोरं विसरायची. मग ठरवलं, डब्यात चिमटा पडल्याशिवाय बिल फाडायचं नाही. तेव्हापासून महिन्याला एखादीच चूक. पुढे बारकोडचं बिलिंग घेतलं आणि साठा आपोआप जुळायला लागला, पण लग्नसराईच्या गर्दीत चिमटे अजून बाहेर निघतात. काउंटरशिवाय तुम्ही आणखी दोन ठिकाणी विकताय, मार्केटप्लेस आणि इन्स्टाग्राम, म्हणजे एका साडीला तीन गिऱ्हाईकं आहेत. हे आधी बसवा. बाकी सगळं त्याच्यानंतर.

आता भिवंडी. चालत्या मालासाठी ती वाईट नाही. माल मुंबई-पुण्याच्या जवळ बसतो, एक-दोन दिवसांत पोचतो, यादीत वर दिसतो, पॅकिंग त्यांचं, रविवारीही माल निघतो. पुण्यातली मुलगी गुरुवारी परकर मागवते कारण तिला शनिवारी लग्नाला जायचंय. अंबाजोगाईहून तो शनिवारी पोचेल का, सांगता येत नाही. भिवंडीहून पोचतो.

पण जागेचं भाडं आकारमानावर आणि दिवसांवर लागतं, आणि फार दिवस पडलेल्या मालावर जादा. परत मागवायचा तर त्याचाही आकार. मी हे शिकलो ते महागात. २०१९ च्या दिवाळीआधी स्टीलच्या डब्यांचे ३०० सेट एका कंपनीच्या गोदामात पाठवले. विकले गेले ११०. उरलेले डबे म्हणजे आत हवा आणि बाहेर पत्रा, जागा मात्र भरपूर खाणारे. मार्चपर्यंत भाडं भरलं, मग परत मागवले, तर काही सेटना पोचे पडलेले. त्या सेटांवरचा नफा शून्याच्या खाली गेला. त्या दिवसापासून एकच नेम: बाहेरच्या गोदामात एका वेळी तीस दिवसांत विकेल तेवढाच माल. सण असला तर पंचेचाळीस दिवसांचा. जास्त पाठवा म्हणून त्यांचा माणूस फोन करील. करू द्या.

कागदपत्रांचंही बघा. भिवंडी महाराष्ट्रातच आहे, त्यामुळे नवा जीएसटी नंबर लागत नाही. आहे त्याच नोंदणीत ते गोदाम अतिरिक्त व्यवसाय ठिकाण म्हणून जोडायचं, आणि माल टाकायच्या आधी जोडायचं. एकाच नंबरखाली दुकानातून गोदामात माल हलवणं म्हणजे विक्री नव्हे, तो डिलिव्हरी चलनावर (बिलाऐवजी मालासोबत द्यायचा कागद) जातो. मालाची किंमत १ लाख रुपयांवर गेली तर राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल (माल वाहून नेण्यासाठी जीएसटीच्या साइटवरून काढायचा कागद) काढावं लागतं. हैदराबादच्या गोदामाचं कोणी सुचवलं तर थांबा. आपल्या भागाला हैदराबाद जवळचं वाटतं, गिऱ्हाईकही आहे, पण तेलंगणात माल ठेवायचा तर तिथली वेगळी नोंदणी लागते आणि स्वतःचाच माल तिकडे पाठवताना आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, पण तोवर पैसा अडकतो. दुकान कंपोझिशनमध्ये (छोट्या दुकानदारांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर परराज्यात विकताच येत नाही, हे आधी सीएकडून तपासून घ्या. मार्केटप्लेस तुमच्या विक्रीच्या पैशांतून जो टीसीएस नावाचा कर आधीच कापून घेतं (१० जुलै २०२४ पासून ०.५ टक्के, आधी १ होता) तो तुमचा खर्च नाही, तुमच्या जीएसटी खात्यातल्या कॅश लेजरमध्ये जमा होतो. माल कुठूनही पाठवला तरी तो कापला जातोच, त्यामुळे तुलनेत धरू नका.

पुण्याचा गोदामवाला तुम्हाला आत्ता नको, असं माझं मत आहे. हिशोब साधा आहे. साडी काढणं, तपासणं, पिशवीत घालणं, लेबल चिकटवणं, यादीवर खूण करणं, सरावलेल्या हाताला सात मिनिटं लागतात. वीस ऑर्डरी म्हणजे १४० मिनिटं, अडीच तासही नाही. लग्नसराईतल्या चाळीस म्हणजे पावणेपाच तास. एका मुलीचा अर्धा दिवस. यासाठी महिन्याची किमान रक्कम बांधून घ्यायची, वर माल आत घेण्याचे नगावर पैसे द्यायचे, आणि व्हॉट्सॲपवर ‘ताई, पदराचा फोटो पाठवा ना’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला फोटो पाठवायला साडीच हाताशी नाही. रोजच्या शंभर ऑर्डरी, त्यातल्या बहुतेक चालत्या मालाच्या, असं झालं की त्याला परत बोलवा. तोवर त्याचा दर अजून उतरलेला असेल.

घरच्यांचं म्हणणं, दुकानातून पाठवणं फुकट आहे, हेही खरं नाही. कुरिअरचा दर सगळे बघतात, परतीचा कोणी धरत नाही. उदाहरणाला गोल आकडे घेऊ. शंभर ऑर्डरी, सगळ्या कॅश ऑन डिलिव्हरी. जाण्याचा दर ८० रुपये, परतीचा ६०, पिशवी-लेबल १५. वीस पार्सलं परत आली. जाण्याचे ८,०००, परतीचे १,२००, पॅकिंगचे १,५००, एकूण १०,७००. पण पोचल्या ऐंशीच. म्हणजे पोचलेल्या प्रत्येक साडीवर जवळजवळ १३४ रुपये. तेच परत येणारी पार्सलं पाच असतील तर ९,८०० भागिले पंच्याण्णव, १०३ रुपये. दर तोच, कुरिअर तेच, साडीमागे तीस रुपयांचा फरक. शिवाय परतीची साडी दहा-पंधरा दिवस रस्त्यावर असते. एकेक नगाच्या मालात त्याचा अर्थ असा की ऐन लग्नसराईत ती साडी ना दुकानात ना गिऱ्हाइकाकडे.

त्यामुळे कुरिअरवाल्याशी पाच रुपयांसाठी भांडण्यापेक्षा परती कमी करा, पैसा तिथे आहे. आम्ही काय केलं ते सांगतो. कॅश ऑन डिलिव्हरीच्या प्रत्येक ऑर्डरला पाठवायच्या आधी फोन. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी एकदा, मग रद्द. मार्केटप्लेसच्या ऑर्डरींवर हे चालत नाही, तिथे गिऱ्हाइकाचा नंबर मिळत नाही, पण व्हॉट्सॲपच्या निम्म्या ऑर्डरी तर तुमच्या हातात आहेत. फोनवर साडीबद्दल कमी आणि पत्त्याबद्दल जास्त बोलायचं. ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढा पत्ता आपल्याला कळतो, पुण्याहून बदलून आलेल्या डिलिव्हरीच्या पोराला कळत नाही. गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड, आणि घरी फोन उचलणाऱ्या दुसऱ्या माणसाचा नंबर. दुसरा नंबर घ्यायला लागल्यावर आमच्या परती दिसण्याइतक्या उतरल्या. ॲडव्हान्स देणाऱ्याला ५० रुपये सूट ठेवली, तीही कामी आली. आणि फॉल-पिको केलेली साडी परत घेतली जाणार नाही हे ऑर्डरच्या वेळीच लिहून कळवायचं. एका लग्नापुरती नेसून, अत्तराच्या वासासकट परत आलेल्या साड्या मेहुण्याने पाहिल्या आहेत. पॅकिंग करतानाचा व्हिडिओ ठेवा, वजनकाट्यासकट. कुरिअरवाल्याने वजन वाढवून लावलं तर तोच पुरावा.

वजनाबाबत तुम्ही नशीबवान आहात. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त त्यावर पैसे घेतं. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. माझा तीस सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि उंच खोक्यातला डबा काट्यावर दोन किलो भरतो, पण हिशोबात ५.४ किलो होतो. म्हणून मी डबे एकात एक घालूनच विकतो, सुटे नाही. साडी सपाट असते, तिला हा त्रास कमी.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण मराठवाड्यातल्या दुकानदाराने सगळ्यात आधी बघावी. तुमच्या पुणे-मुंबईच्या ऑर्डरींत किती जणी मूळच्या आपल्याकडच्या आहेत, ते बघा. चाकणला, वाघोलीला, हिंजवडीला राहणारी मुलगी फोटो बघून साडी निवडते, पैसे भरते, आणि साडी असते आईसाठी किंवा सासूसाठी, जी केजला किंवा धारूरला आहे. मेहुण्याने एक ओळ टाकली: ‘गावाकडच्या माणसाला दुकानातून घेऊन जाता येईल.’ आई बाजारच्या दिवशी येते, नाव सांगते, साडी घेते. कुरिअर नाही, परत येणं नाही. रंग पसंत नसला तर तिथेच बदलून मिळतो, आणि आलीच आहे तर परकर, ब्लाउजपीसही घेऊन जाते. धोंड्याच्या महिन्यात तर लेक-जावयाच्या आहेराच्या अशा ऑर्डरी ओळीने आल्या. यासाठी एक वेगळं कपाट लागतं, बस. नाव, नंबर, पैसे भरलेत की नाही याची चिठ्ठी साडीला लावलेली. सात दिवसांत नेली नाही तर फोन. दुकानाचा पोरगा मला म्हणाला होता, ‘काका, ह्या तर पैसे देऊन वर घेऊन जायलेत, पाठवायलाच लागंना.’ त्याला जे कळलं ते मला कळायला दोन वर्षं लागली.

लग्नाचा बस्ता, म्हणजे एकदम वीस-पंचवीस साड्यांची ऑर्डर, कुरिअरने पाठवू नका. पुण्याला रात्री जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत गाठोडं टाका, बिल सोबत ठेवा, गाडी नंबर आणि ड्रायव्हरचा फोन गिऱ्हाइकाला द्या. सकाळी माल हातात. पैसे मात्र आधी पूर्ण घ्या, गाठोड्याचा विमा कोणी काढत नाही. जवळच्या गावांचंही असंच. लातूरहून अंबाजोगाई तासा-सव्वा तासाचा रस्ता, पण माझं एक पार्सल आधी पुणे बघून मग तुमच्याकडे आलं होतं. तुमचा पिन ४३१ ने सुरू होतो, माझा ४१३ ने, यंत्रणेच्या लेखी आपण शेजारी नाही. खाजगी कुरिअर ज्या गावाला ‘ओडीए’, म्हणजे डिलिव्हरीच्या हद्दीबाहेरचं गाव, म्हणून जादा पैसे लावतं किंवा तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणतं, तिथे स्पीड पोस्ट लावा. पोस्टमन दारात जातो.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत. तुमच्या पिकअपची, म्हणजे पार्सलं न्यायला येणारी कुरिअरची गाडी रोज नक्की येते की आठवड्यातून दोनदा दांडी मारते? रोज येत नसेल तर दुकानातून पाठवण्याचं माझं गणित ढासळतं. मग दुसरा पिकअपवाला जोडा, किंवा चालत्या मालाला भिवंडीची घाई करा. तुमची सरासरी साडी आठशेची आहे की आठ हजारांची? महाग साडीला मार्केटप्लेसच्या गोदामातली हाताळणी मी कधीच देणार नाही. आणि दुपारी पॅकिंगला बसणारं माणूस आहे, की तुम्हीच?

तुमच्या जागी मी असतो तर या महिन्यात चिमटा आणि फोन एवढंच केलं असतं. पुढच्या महिन्यात ‘दुकानातून घेऊन जा’वाल्या ऑर्डरींचं कपाट. मग चालत्या मालातले तीन-चार आयटम, तीस दिवसांचे, भिवंडीला. पहिल्या खेपेचा खर्च भाड्यासकट नगावर काढून दुकानातून पाठवायच्या खर्चाशेजारी लिहिला असता. फरक दिसला तर आणखी आयटम, नाहीतर आहे तिथेच बरं.

शेवटी तुम्ही खोकं की पिशवी विचारलंय. दर अर्ध्या किलोला बदलतो. साडी काट्यावर ४६० ग्रॅम असेल तर खोक्यात ती सहाशेच्या घरात जाते आणि पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात, पिशवीत पाचशेच्या आत राहते. म्हणून रोजच्या साड्यांना आत पातळ प्लॅस्टिक आणि बाहेर कुरिअरची जाड पिशवी. पैठणी किंवा जड जरीची साडी मात्र खोक्यातच, घडीत कागद घालून. जरीला एकदा मोड पडली की ती जात नाही, आणि ती परत आली तर तुम्हालाच विकायची आहे.